लॅटिन पार्टिसिपल कसे बनवायचे आणि कसे चालवायचे: मराठीतून येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकाच आठवड्यात दोन शब्द समोर आले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'लिस पेंडन्स' आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये 'पेंडेंटे लिटे'. दोन्हीकडे दावा प्रलंबित असण्याचीच गोष्ट चाललीये हे कळत होतं, पण एकदा 'पेंडन्स' आणि एकदा 'पेंडेंटे' असं का, हे कुणाला विचारलं तर उत्तर एकच, लॅटिन आहे, पाठ कर. मला पाठ करायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं, म्हणून मी लॅटिन शिकायला घेतलं आणि पार्टिसिपलच्या, म्हणजे क्रियापदापासून बनणाऱ्या विशेषणांच्या, धड्यावर जवळजवळ तीन महिने अडकले.

अडकायचं कारण आता कळतं. मी सगळं इंग्रजीच्या 'इंग' आणि 'एड' मधून समजून घ्यायला बघत होते. इंग्रजीत ही दोनच रूपं सगळीकडे धावतात, लॅटिनमध्ये चार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. त्या चौघांसाठी मराठीत आपल्याकडे तयार रूपं आहेत, लिहीत असलेला, लिहिलेला, लिहिणार असलेला, लिहायचा. हे लक्षात आल्यावर उरलेला धडा दोन आठवड्यांत झाला. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आधी उच्चाराबद्दल. मी लॅटिन शब्द देवनागरीत लिहितेय आणि प्राचीन रोमन उच्चार धरलाय, म्हणजे रोमन लिपीतला सी नेहमी 'क'. कोर्टात ऐकू येतो तो इंग्रजी वळणाचा उच्चार, चर्चमध्ये ऐकू येतो तो इटालियन वळणाचा, त्यामुळे गोंधळू नका. ऱ्हस्व-दीर्घ जमेल तिथे दाखवलंय, फक्त लॅटिनमधला ऱ्हस्व ए आणि ओ देवनागरीत वेगळा दिसत नाही. आणि शब्दाच्या शेवटी 'अ' लिहिला तर आपण तो खाऊन टाकतो म्हणून तिथे काना दिलाय, तो दरवेळी दीर्घच असेल असं नाही.

काय काय लागेल

- एक लॅटिन शब्दकोश, ज्यात क्रियापदाची चारही मुख्य रूपं दिलेली आहेत. फक्त अर्थ देणारा छोटा कोश या कामाला उपयोगाचा नाही.
- शंभर पानी वही आणि दोन रंगांची पेनं. एका रंगाने मूळ अंग, दुसऱ्याने प्रत्यय. हे मी शेवटपर्यंत सोडलं नाही.
- 'बोनुस, बोना, बोनुम' हे विशेषण तिन्ही लिंगांत चालवता आलं पाहिजे, आणि तिसऱ्या गटातली नामं निदान ओळखता आली पाहिजेत. हे येत नसेल तर आधी तेच करा, नाहीतर पायरी ३ पासून पुढे सगळं हवेत राहील.
- शाळेत आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल तर ते. गंजलेलं असलं तरी चालेल.

पायरी १: क्रियापदाची चार मुख्य रूपं काढा

कोशात क्रियापद असं सापडतं: अमो, अमारे, अमावी, अमातुम. म्हणजे मी प्रेम करतो, प्रेम करणे, मी प्रेम केलं, आणि चौथं ते ज्यातून 'केलेला' निघतो. वेगवेगळ्या गटातली ही पाच क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- अमो, अमारे, अमावी, अमातुम (प्रेम करणे)
- मोनेओ, मोनेरे, मोनुई, मोनितुम (बजावणे)
- रेगो, रेगेरे, रेक्सी, रेक्तुम (राज्य करणे)
- कपिओ, कपेरे, केपी, कप्तुम (पकडणे)
- आउदिओ, आउदीरे, आउदीवी, आउदीतुम (ऐकणे)

आणि एक सहावं, जे मी सगळीकडे उदाहरणाला वापरणारे: स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रीप्सी, स्क्रीप्तुम, म्हणजे लिहिणे. हे 'रेगो'च्याच गटातलं.

आता चार पार्टिसिपल एकत्र बघा:

- स्क्रीबेन्स: लिहीत असलेला
- स्क्रीप्तुस: लिहिलेला
- स्क्रीप्तूरुस: लिहिणार असलेला
- स्क्रीबेन्दुस: लिहायचा, लिहायला हवा असा

पहिला आणि चौथा वर्तमानाच्या अंगावरून बनतात (स्क्रीब), दुसरा आणि तिसरा चौथ्या मुख्य रूपावरून (स्क्रीप्त). तिसरं मुख्य रूप, 'स्क्रीप्सी', पार्टिसिपलला लागतच नाही. मी सुरुवातीला तिथूनच काहीतरी निघत असेल म्हणून शोधत बसले होते.

आणखी एक आत्ताच मनात पक्कं करा. पहिला आणि तिसरा कर्तरी, दुसरा आणि चौथा कर्मणी. 'लिहिला जात असलेला' असा पार्टिसिपल लॅटिनमध्ये नाही, आणि 'ज्याने लिहिलंय असा' हाही नाही. संस्कृतात 'गतवान्', 'लिखितवान्' म्हणायची सोय होती, लॅटिनकडे ती नाही. ही उणीव भरून काढायला रोमन लोकांनी जी वाट काढली ती पायरी ९ मध्ये येते.

पायरी २: 'लिहीत असलेला' बनवा

सोपं आहे. पहिल्या गटाला (अमोच्या) 'आन्स', बाकी सगळ्यांना 'एन्स'.

अमान्स, मोनेन्स, रेगेन्स, कपिएन्स, आउदिएन्स.

खाचखळगा इथे एकच, शेवटच्या दोघांमधला 'इ' विसरायचा नाही. 'कपेन्स' नाही, 'आउदीन्स' नाही. आपण नाटकाला 'ऑडियन्स' म्हणतो तो शब्द याच आउदिएन्सच्या घरातला, त्यातला 'इय' ऐका म्हणजे इ लक्षात राहील.

पण खरं अंग प्रथमेत दिसत नाही, षष्ठीत दिसतं: अमन्तिस, मोनेन्तिस, रेगेन्तिस, कपिएन्तिस, आउदिएन्तिस. प्रथमेत 'न्त' पुढे 'स' आला की 'त' गळतो, बाकी सगळीकडे 'न्त' टिकतो. संस्कृतवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, गच्छन् पण गच्छन्तम्. हा योगायोग नाही. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे जे मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आलेल्या असाव्यात, त्याचा पुरावा अशा प्रत्ययांमध्ये डोळ्यांना दिसतो.

हा 'न्त' आपण रोज बोलतो सुद्धा. एजंट म्हणजे अगेन्स, अगेन्तिस, काम करणारा. स्टुडंट म्हणजे मन लावून झटणारा. पेशंट म्हणजे सोसत असलेला.

अपवाद फार नाहीत. 'एओ' म्हणजे जाणे, त्याचं इएन्स पण षष्ठीत एउन्तिस. आणि 'सुम' म्हणजे असणे, त्याचं हे रूप अभिजात लॅटिनमध्ये वापरातच नाही. 'असलेला' म्हणायला शब्दच नाही, हे पायरी ९ ला लागेल.

पायरी ३: तो चालवा

एकवचन:
- प्रथमा: स्क्रीबेन्स
- द्वितीया: स्क्रीबेन्तेम (नपुंसकलिंगी मात्र स्क्रीबेन्स)
- षष्ठी: स्क्रीबेन्तिस
- चतुर्थी: स्क्रीबेन्ती
- अब्लेटिव्ह: स्क्रीबेन्ते किंवा स्क्रीबेन्ती

अनेकवचन:
- प्रथमा आणि द्वितीया: स्क्रीबेन्तेस (नपुंसकलिंगी स्क्रीबेन्तिआ)
- षष्ठी: स्क्रीबेन्तिउम
- चतुर्थी आणि अब्लेटिव्ह: स्क्रीबेन्तिबुस

अब्लेटिव्ह हे नाव मी तसंच ठेवलंय, कारण ती विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी या तिघींचं काम एकटी करते, कुठलंही एक मराठी नाव दिलं तर फसायला होतं.

या तक्त्यात आपल्याला विचित्र वाटणारी गोष्ट म्हणजे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकच. लिहिणारा मुलगा पण स्क्रीबेन्स आणि लिहिणारी मुलगी पण स्क्रीबेन्स. मराठीत असं कधी होत नाही आणि संस्कृतातही गच्छन्ती वेगळी होती, त्यामुळे हात आपोआप शेवटी 'आ' लावायला जातो. 'स्क्रीबेन्ता' असं कधीही लिहू नका, असा शब्द नाही.

दुसरा खड्डा षष्ठी अनेकवचनाचा. तिथे 'तिउम' आहे, नुसतं 'तुम' नाही.

तिसरा अब्लेटिव्ह एकवचनातल्या 'ते' आणि 'ती' चा. शब्द जेव्हा साधं विशेषण म्हणून बसतो तेव्हा 'ती', आणि जेव्हा क्रियापदासारखं काम करतो, कुठलीतरी क्रिया चालू असल्याचं सांगतो, तेव्हा 'ते'. आता माझा पहिला प्रश्न सुटतो. लीस म्हणजे दावा, पेन्देओ म्हणजे लटकणे. 'लीस पेन्देन्स' ही प्रथमा आहे, लटकत असलेला दावा. 'पेन्देन्ते लीते' हा अब्लेटिव्ह, दावा लटकत असताना. आणि आपला 'प्रलंबित' शब्द बघा, लंब् म्हणजे लोंबणे, लटकणे. ज्याने कुणी तो प्रतिशब्द रूढ केला त्याने तेच चित्र ठेवलंय. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत वही उघडी ठेवून बसले होते.

पायरी ४: 'लिहिलेला' बनवा

चौथ्या मुख्य रूपाचं 'उम' काढा आणि 'उस, आ, उम' लावा. अमातुस, मोनितुस, रेक्तुस, कप्तुस, आउदीतुस. चालवायचा कसा, तर तंतोतंत बोनुससारखा, नवीन काहीच नाही.

अवघड काय तर चौथं रूप मुळात ओळखणं, कारण पुष्कळदा ते सरळ नसतं. तरी त्यातही शिस्त आहे:

- 'ग' किंवा 'क' पुढे 'त' आला की क्त: रेगो पासून रेक्तुस. युज् चं युक्त होतं तसंच.
- 'ब' पुढे 'त' आला की प्त: स्क्रीबो पासून स्क्रीप्तुस.
- 'द' किंवा 'त' पुढे 'त' आला की स किंवा स्स: विदेओ (बघणे) पासून वीसुस, मित्तो (पाठवणे) पासून मिस्सुस.

हा तिसरा नियम लक्षात ठेवा, कारण 'तुस' शोधणाऱ्या नजरेतून 'सुस'वाले पार्टिसिपल निसटतात. त्यातला 'मिस्सुस' तर गोव्यातल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहे. चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेच्या शेवटी 'इते, मिस्सा एस्त' म्हणायचे, आणि त्या मिस्सा वरूनच अख्ख्या विधीला नाव पडलं, पोर्तुगीजमधून कोंकणीत ते 'मीस' झालं. म्हणजे मित्तो या क्रियापदाचा स्त्रीलिंगी भूतकाळी पार्टिसिपल.

संस्कृतातल्या 'त' प्रत्ययाशी जोड्या लावून बघा, पाठांतर निम्मं होतं: दत्त आणि दतुस, ज्ञात आणि नोतुस, जात म्हणजे जन्मलेला आणि नातुस.

आता सगळ्यात मोठा सापळा, आणि हा खास मराठी माणसाचा. आपला 'लेला' दोन्हीकडे चालतो. 'लिहिलेलं पत्र' म्हणतो आणि 'आलेला माणूस' पण म्हणतो, पत्र लिहिलं गेलं पण माणूस स्वतः आला. लॅटिनचा 'तुस' साधारणपणे फक्त पहिल्या प्रकारचा, कर्मणी. वेनिओ म्हणजे येणे, त्याच्यापासून 'वेन्तुस' करून 'आलेला माणूस' म्हणायला गेलात तर चूक, कारण येण्याला कर्मच नाही. तिथे 'जो आला तो' असं पूर्ण वाक्यच करावं लागतं. माझ्या पहिल्या वहीत अशा वीसेक चुका लाल रंगात आहेत. मजा म्हणजे 'जेवलेला' मात्र चालतो, 'केनातुस', पण असे शब्द बोटावर मोजण्याइतके, ते भेटतील तसे टिपून ठेवा.

पायरी ५: 'लिहिणार असलेला' बनवा

चौथ्या रूपाचं 'उम' काढून 'ऊरुस, ऊरा, ऊरुम' लावा: अमातूरुस, स्क्रीप्तूरुस, मिस्सूरुस. हाही बोनुससारखाच चालतो. पायरी ४ मधल्या रूपात मधेच एक 'ऊर' घुसवला की झालं, फक्त अर्थ कर्मणीचा कर्तरी होतो हे विसरू नका.

'सुम' या क्रियापदाकडे 'न्स'वाला पार्टिसिपल नाही म्हटलं होतं, पण हा एक आहे, फुतूरुस, होणार असलेला. आपलं 'फ्यूचर' तिथून आलं.

प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'मोरितूरी ते सलूतन्त', मरणार असलेले तुला वंदन करतात. सगळे ग्लॅडिएटर रोज असं म्हणायचे असं सिनेमांमुळे वाटतं, पण रोमन चरित्रकार सुएटोनिअसने हे नोंदवलंय ते सम्राट क्लॉडिअसने फुकिनुस तळ्यावर भरवलेल्या एका नौकायुद्धाच्या वेळचं. आपल्याला त्यातली 'मोरितूरी' ही प्रथमा अनेकवचन महत्त्वाची, आणि हेही की हे रूप नियमाबाहेरचं आहे. मेलेला म्हणजे 'मोर्तुउस', त्यावरून 'मोर्तूरुस' व्हायला हवं होतं, तसं होत नाही.

पायरी ६: 'लिहायचा' बनवा

इथे जरा थांबून वाचा, कारण इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास बुडतो आणि मराठी माणसाला हे आईच्या दुधासारखं यायला पाहिजे.

रूप सोपं. वर्तमानाच्या पार्टिसिपलचा 'न्त' काढा, 'न्द' लावा, मग उस, आ, उम: अमन्दुस, मोनेन्दुस, रेगेन्दुस, कपिएन्दुस, आउदिएन्दुस. याला जेरुंडिव्ह म्हणतात. चालतो परत बोनुससारखा.

आता वाक्य. 'मला चिठ्ठी लिहायची आहे.'

मिहि एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्त.

एकेक शब्द खाली लावून बघा. मिहि म्हणजे मला, चतुर्थी. एपिस्तुला म्हणजे चिठ्ठी, प्रथमा, स्त्रीलिंगी. स्क्रीबेन्दा म्हणजे लिहायची, चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी. एस्त म्हणजे आहे. शब्दाला शब्द, विभक्तीला विभक्ती, लिंगाला लिंग. इंग्रजी पुस्तकात यावर मोठा खुलासा होता की करणारा इथे चतुर्थीत का येतो, आणि मी तो परत परत वाचत होते, समजत नव्हता. घरी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मला अजून भाजी निवडायची आहे. भाजी म्हणून निवडायची, गहू असते तर निवडायचे. पुढचा खुलासा मी वाचलाच नाही.

एक काळजी घ्या, लिंग मराठी नामाचं नाही, लॅटिन नामाचं धरायचं. मला पुस्तक वाचायचं आहे, पण 'मिहि लिबेर लेगेन्दुस एस्त', कारण लिबेर पुल्लिंगी.

म्हातारा रोमन राजकारणी केटो आपल्या भाषणांमधून सारखा म्हणायचा ते 'कार्थागो देलेन्दा एस्त' हेच, कार्थेज (रोमचं शत्रू शहर) नष्ट करायचंच आहे. हे नेमके शब्द नंतर रूढ झालेले, मागणी मात्र त्याचीच. कार्थागो स्त्रीलिंगी म्हणून देलेन्दा. केटो इसवी सन पूर्व १४९ मध्ये गेला आणि १४६ मध्ये कार्थेज खरंच जमीनदोस्त झालं.

आणि अजेंडा? अगेन्दा, नपुंसकलिंगी अनेकवचन, करायच्या गोष्टी. सरकारी टेंडरच्या शुद्धिपत्रकावर 'कॉरिजेंडम' छापलेलं असतं, तेही हेच, दुरुस्त करायचं ते.

सापळा: 'मोडस ऑपरेंडाय', 'रेशिओ डेसिडेंडाय', 'लोकस स्टँडाय' यात पण न्द दिसतो, पण ते जेरुंडिव्ह नाहीत. ती क्रियावाचक नामं आहेत, षष्ठीत. ओळखायचं कसं, मराठी करून बघा. 'करण्याची' बसलं तर नाम (काम करण्याची पद्धत), 'करायची' बसलं आणि ते शेजारच्या नामाशी जुळलं तर जेरुंडिव्ह (करायची कामं). बोलताना आपण 'करायची पद्धत' असंही म्हणतो, म्हणून आधी 'करण्याची' लावून बघा.

पायरी ७: डिपोनंट वेगळे काढा

काही क्रियापदं दिसतात कर्मणी पण अर्थ कर्तरी, संस्कृतातल्या आत्मनेपदासारखं समजा. कोशात ती तीनच रूपांनी येतात: सेक्वोर, सेक्वी, सेकूतुस सुम (मागे जाणे). ती ओळखायची खूण म्हणजे पहिलं रूप 'ओर' ने संपतं.

यांचा फायदा असा की यांचा 'तुस' कर्तरी असतो. सेकूतुस म्हणजे मागे गेलेला, ज्याचा पाठलाग झाला तो नाही. लोकूतुस म्हणजे बोललेला. म्हणजे आपला 'आलेला माणूस' वाला 'लेला' इथे हक्काने मिळतो. वहीत डिपोनंटचं वेगळं पान करा, कारण वाचताना 'तुस' दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, हे क्रियापद डिपोनंट आहे का. मघाचा पेशंट पण यातलाच, पतिओर, सोसणे.

पायरी ८: वाक्यात जुळवा

पार्टिसिपल हे विशेषण आहे, तो ज्या नामाचा आहे त्याचं लिंग, वचन, विभक्ती घेतो. आणि तो क्रियापदही आहे, म्हणून स्वतःचं कर्म बाळगतो.

'मी मार्कुसला चिठ्ठी लिहिताना पाहिलं.' आता यात लिहीत कोण होतं, मी का मार्कुस? मराठीत संदर्भानेच कळतं. लॅटिनमध्ये शंकाच नाही:

मार्कुम एपिस्तुलाम स्क्रीबेन्तेम वीदी. स्क्रीबेन्तेम द्वितीयेत, मार्कुमही द्वितीयेत, म्हणजे मार्कुस लिहीत होता. मी लिहीत असते तर स्क्रीबेन्स आलं असतं, प्रथमेत. एका प्रत्ययात सगळं वाक्य फिरतं, म्हणून वाचताना शब्दाचं शेपूट आधी बघायचं, जागा नाही.

काळाबद्दल थोडक्यात. पार्टिसिपलचा काळ घड्याळाचा नसतो, मुख्य क्रियापदाच्या तुलनेत असतो. 'न्स' म्हणजे त्याच वेळी, 'तुस' म्हणजे त्याआधी, 'तूरुस' म्हणजे त्यानंतर. वरच्या वाक्यात पाहिलं भूतकाळात, तरी लिहिणं वर्तमानी रूपात, कारण दोन्ही एकाच वेळी.

पायरी ९: 'ऊन', 'असताना', 'ल्यावर' आणि अब्लेटिव्हची जोडी

'चिठ्ठी लिहून तो गेला.' लॅटिनला 'लिहून' नाही, 'ज्याने लिहिलंय असा' पण नाही. मग ते काय करतात? चिठ्ठीलाच पुढे करतात: एपिस्तुला स्क्रीप्ता अबिइत. चिठ्ठी लिहिली गेली असता, तो गेला. नाम आणि पार्टिसिपल दोन्ही अब्लेटिव्हमध्ये, बाकी वाक्यापासून सुटे. संस्कृतातली सति सप्तमी आठवा, सूर्ये उदिते. लॅटिनमध्येही अगदी तसंच, 'सोले ओर्तो', सूर्य उगवल्यावर.

सीझरची पुस्तकं वाचायला घ्याल तर पानोपानी हे भेटतं, आणि त्याचं मराठी 'ऊन' लावून सरळ होतं. शहर घेऊन, दूत पाठवून, हे ऐकून. नवशिक्यांना शिकवतात तसं 'शहर घेतलं गेलेलं असता' असं भाषांतर करत बसू नका, समजण्यापुरतं मनात करा आणि सोडून द्या.

सापळे दोन. तेच नाम मुख्य वाक्यात कर्ता किंवा कर्म असेल तर ही रचना वापरायची नाही. 'चोराला पकडून सोडून दिलं' याचं 'फूरेम कप्तुम दीमीसित', सगळं द्वितीयेत, कारण सोडलं तेही चोरालाच. आणि 'असताना' साठी शब्द नसल्यामुळे ते दोन नामंच शेजारी ठेवतात, 'किकेरोने कोन्सुले', सिसेरो कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, म्हणजे इसवी सन पूर्व ६३. यात पार्टिसिपल शोधू नका, तो नाहीच.

याच्याच जवळचं एक, 'अब उर्बे कोन्दिता', शहर वसवल्यापासून. शब्दशः 'वसवलेल्या शहरापासून', पण वजन सगळं वसवण्यावर. रोमन इतिहासकार कधीकधी या घटनेपासून वर्षं मोजत, परंपरेने ती इसवी सन पूर्व ७५३ ची धरतात.

पायरी १०: फसवे चेहरे ओळखा

- मोन्स, मोन्तिस (डोंगर), पोन्स, पोन्तिस (पूल), देन्स, देन्तिस (दात) ही साधी नामं, पार्टिसिपलसारखी नुसती दिसतात.
- 'रेगेन्त', 'आउदिएन्त' असं 'न्त' वर संपलं तर ते पार्टिसिपल नाही, क्रियापद आहे, 'ते राज्य करतील', 'ते ऐकतील'. पार्टिसिपलमध्ये 'न्त' नंतर काहीतरी असतंच.
- 'एक्सेर्कितुस' (सैन्य), 'अद्वेन्तुस' (आगमन) ही चौथ्या गटातली नामं, शेवटी तुस असला तरी.

सराव कसा करायचा

रोज एक क्रियापद. चार मुख्य रूपं, चार पार्टिसिपल, प्रत्येकाखाली मराठी, आणि एकाचा पूर्ण तक्ता न बघता. वीस मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात पायरी १ मधली सहा घ्या, मग डिपोनंट दोन, मग 'फेरो' (नेणे), ज्याचा चौथा भाग एकदम 'लातुम' असा वेगळाच आहे.

आणि ओळखीच्या शब्दांवर हात चालवा. कायद्याच्या कलमात शेवटी 'म्यूटॅटिस म्यूटँडिस' येतं ना, ते सोडवूया. मूतो, मूतारे म्हणजे बदलणे. मूतातीस हा 'तुस'चा अब्लेटिव्ह अनेकवचन, बदललेल्या. मूतन्दीस हा 'न्दुस'चा अब्लेटिव्ह अनेकवचन, बदलायच्या. दोन्ही अब्लेटिव्हमध्ये, म्हणजे पायरी ९ ची जोडी: बदलायच्या गोष्टी बदलून.

'रेस जुडिकाटा', दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११: रेस स्त्रीलिंगी, यूदिकाता 'तुस'चं स्त्रीलिंगी, निवाडा झालेली गोष्ट.

आणि लवादाने निवाडा दिला की तो 'फंक्टस ऑफिसिओ' होतो म्हणतात. हे तुम्ही स्वतः सोडवा. क्रियापद फुन्गोर, फुन्गी, फून्क्तुस सुम, पार पाडणे. पहिलं रूप कशाने संपतंय ते आधी बघा, आणि हे क्रियापद आपलं कर्म द्वितीयेत नाही, अब्लेटिव्हमध्ये घेतं.